पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट कसा वाचायचा

मी नागपुरात बर्डीवरच्या लॅबमध्ये रक्त तपासतो. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीचा, कागद हातात पडला की लोक ठळक छापलेला आकडा शोधतात अन् घाबरतात. थांबा बाप्पा. आधी एकूण पांढऱ्या पेशी बघा: प्रौढांत मायक्रोलिटरमागे साधारण ४,००० ते ११,०००. नुसते टक्के फसवतात. एकूण ५,००० आणि त्यातल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ४५ टक्के असतील तर गुणाकार करा, २,२५० येतात. १,००० ते ४,००० चालतात, म्हणजे टक्का 'जास्त' असूनही संख्या ठीक.

न्यूट्रोफिल, हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, १,५०० च्या खाली गेले तर डॉक्टरांना दाखवाच. मात्र आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच धडधाकट माणसांत ते त्याहून कमीच असतात. तांबड्या पेशींवर डफी प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची एक खूण) नसण्याशी त्याचा संबंध आहे. सीडी४ या लिम्फोसाइटच्या एका प्रकाराचंही तसंच: निरोगी भारतीयांची सरासरी पाश्चात्त्यांपेक्षा कमी भरते, म्हणून परदेशी तक्ता नेटवरून काढून ताडू नका.

घरात सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) असेल, अन् विदर्भात ते नवल नाही, तर नमुना देतानाच सांगा. त्यात रक्तात दिसणाऱ्या केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मशीन कधी पांढऱ्यांत धरते; मग सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघावी लागते. बिडी, गरोदरपण, स्टेरॉइड यांनीही आकडा चढतो. जुना रिपोर्ट असला तर सोबत आणा.