घर किती आवरायचं? आधी हे ठरवा

सगळं घर चकाचक ठेवायला गेलं की कंबर जाते, म्हणून मी दोन भाग केलेत: न केल्याने आजारी पडू ते, आणि नुसतं डोळ्याला खुपतं ते. पहिल्यात ओटा, सिंक, बाथरूम, ओला कचरा आणि साठवलेलं पाणी, यात सूट नाही. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा बादल्या, पिंप, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करून आतून घासायच्या, नुसतं पाणी ओतून उपयोग नाही कारण अंडी कडेला चिकटून राहतात. फ्रिजच्या मागचा ट्रे बघितलाय का कधी? मी पावसाळ्यात बघितला, आत अळ्या वळवळत होत्या, ईईई!

रात्री खरकटं ठेवायचं नाही, झुरळं येतात. भांडी घासायचा कंटाळा आला तर निदान विसळून ठेवा.

बाकी खुर्चीवरचा कपड्यांचा डोंगर, माळ्यावरची धूळ वगैरे दिवाळीपर्यंत थांबू शकतं. पण घरात दमेकरी असेल तर धूळ पहिल्या भागात, आणि रांगतं बाळ असेल तर फरशीपण, रोज. पाहुणे येणार असतील तर हॉल आवरा नि बेडरूमचं दार ओढून घ्या, आमच्याकडे तेच चालतं 😄