नागपूरजवळ दोघांचं कॅम्पिंग: पेंचच्या काठावर, अमावस्या बघून

दोघांनीच तंबू घेऊन जायचं असेल तर वाघाच्या मागे लागू नका, रात्रीच्या मागे लागा, हे माझं पहिलं सांगणं. वाघ बघायला जिप्सी लागते, तंबू नाही. तंबू लागतो तो आकाशासाठी, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायचीही गरज नाही, कारण आपल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला आणि आशियातला पाचवा. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले दिवे बदलून खाली तोंड करून लावले, म्हणजे उजेड जमिनीवर पडतो, वर जात नाही. सिल्लारी नागपूरहून सत्तरेक किलोमीटर, कामठी, कन्हान, मनसर करत जबलपूर रोडनं जायचं आणि पवनीजवळून आत वळायचं, आरामात गेलं तरी दोन तासांत पोचता. इतक्या जवळ असं आकाश आहे आणि आपण दर शनिवारी फुटाळा तलावावर जाऊन बसतो, याचं मला खरंच वाईट वाटते.

तारीख ठरवताना आधी कालनिर्णय काढा, मग ऑफिसची सुट्टी बघा, उलटं नको. महाशिवरात्र ही माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे लगेच पुढे अमावस्या, तो आठवडा सगळ्यात चांगला. होळीच्या सुट्टीत जायचं खूप जणांच्या मनात असते पण होळी म्हणजे पौर्णिमा, रात्रभर चांदणं, तारे फिके पडतात, त्या दिवशी जायचं तर पळस बघायला जा, ताऱ्यांसाठी नाही. दुसरी संधी गुढीपाडव्याच्या आधीची अमावस्या, पण तोपर्यंत आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, दुपारी तंबूत पाय ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माघातलीच अमावस्या धरा. दिवसा ऊन लागेल पण रात्री पांघरूण लागेल, पहाटे तर दोन लागतील. काटेसावर तेव्हा लालभडक असते, पळस पेटायला लागलेला असतो, आणि सागाची पानं एवढी वाळलेली असतात की साधा उंदीर गेला तरी कोणीतरी मोठं चालून राहिलं असं वाटते, पहिल्या रात्री दोघंही दचकाल, ते होणारच.

आता महत्त्वाचं. जंगलात मनात येईल तिथं तंबू ठोकता येत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या आत परवानगीशिवाय राहणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि बफरमधलं, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या (कोरभोवतीच्या) पट्ट्यातलं, रिकामं शेत दिसलं म्हणून तिथं उतरणं हेही धोक्याचं, कारण वाघ-बिबट्याला कोर आणि बफरची रेघ दिसत नाही. राहायचं ते गेटजवळच्या वनविभागाच्या किंवा खासगी कॅम्पमध्ये, कुंपणाच्या आत. फोन करून तीन गोष्टी नीट विचारा: स्वतःचा तंबू लावू देता का की तुमचाच घ्यावा लागेल, रात्री बाहेरचे दिवे बंद करता का, आणि संडास-बाथरूम तंबूपासून किती लांब आहे. दिव्यांचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे फोन लावा, रात्रभर हॅलोजन लावणाऱ्या कॅम्पमध्ये पैसे घालून काही दिसणार नाही. दोघांचेही ओरिजिनल आधार कार्ड सोबत ठेवा, आणि लग्न झालेलं नसेल तर तेही फोनवरच मोकळेपणानं विचारून घ्या, रात्री गेटवर वाद घालायची वेळ नको.

जायच्या आधीच्या रविवारी तंबू गच्चीवर लावून बघा. गच्चीत खुंटे जात नाहीत, चार कोपऱ्यांना विटा ठेवा, पण काठ्या कुठल्या कुठं जातात, वरचं कापड कसं ताणायचं, चेन कुठं अडकते हे सगळं तिथंच कळते. दोघांसाठी तीन माणसांचा तंबू घ्या, दोन माणसांचा म्हणून विकतात त्यात दोन माणसं मावतात पण बॅगा मावत नाहीत. खाली ताडपत्री टाकाल ती तंबूच्या बुडापेक्षा बोटभर आतच दुमडायची, बाहेर राहिली तर पावसाचं पाणी त्यावर जमून सरळ पाठीखाली येते. फेब्रुवारीत कसला पाऊस असं म्हणू नका, आपल्या विदर्भात याच दिवसांत गारपीट होते, हवामान खात्याचा अंदाज निघायच्या दिवशी सकाळी परत बघा आणि विजेचा इशारा असेल तर सरळ पुढच्या अमावस्येवर टाका. जमीन या दिवसांत कडक होते, कॅम्पमध्ये हातोडी मिळेल असं धरून चालू नका, घरची घेऊन जा. खाली गादी नसली तरी चालते पण सतरंजी आणि त्यावर गोधडी पाहिजेच, गारवा खालून लागतो.

जागा निवडताना आधी वर बघा. मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असेल तर तिथून लांब, आणि मग अत्तर-डिओ पण नको. वाळकी फांदी असेल तर तिच्या खाली नको. मोहाच्या झाडाखाली तर नकोच, फुलं गळायला लागली की अस्वल त्याच्यासाठी येते, आणि पहाटे गावातल्या बाया टोपल्या घेऊन वेचायला येतात. ती फुलं बघण्यासारखी असतात, पिवळट पांढरी, रसानं फुगलेली, हाताला चिकट, वास गोड आणि थोडा उग्र. बघा, पण पिशवीत भरू नका, प्रत्येक झाड कोणाच्या तरी घरचं धरलेलं असते आणि त्या महिन्यातली ती त्यांची कमाई असते.

पोचायचं चारच्या आत. सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो आणि अंधारात पहिल्यांदा तंबू लावायचा म्हणजे भांडणाला आमंत्रण. काम वाटून घ्या, एकानं तंबू, एकानं स्वयंपाक, आणि दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही, हा नियम मी मनापासून सांगून राहिली, दोघांच्या ट्रिपमध्ये याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. माझ्या नवऱ्याकडे तंबू असतो, मी तिकडे बघतच नाही.

शेकोटीचं सगळ्यांना वेड असते, पण या दिवसांत नाही म्हणजे नाही. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात, सागाचा पाचोळा पेटायला एक ठिणगी पुरते आणि वारा असला की तो कोणाच्या हातात राहत नाही. सिगरेट पण नाही. कॅम्पवाल्यांनी बांधलेली चूल असेल तर त्यांच्या माणसासमोरच वापरा, नाहीतर छोटा गॅस घेऊन जा, जमीन साफ करून, बाजूला पाण्याची बादली ठेवून.

जेवणात फार पसारा करू नका. रात्रीसाठी घरूनच वांगी भाजून, सोलून, डब्यात न्या, तिथं फक्त कांद्याची पात, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून फोडणी द्यायची, सोबत भाकरी किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि ठेचा, दहा मिनिटांत जेवण तयार. सकाळी तर्री पोहे, त्याशिवाय नागपूरच्या माणसाची सकाळ होत नाही. तर्री, म्हणजे पोह्यांवर घ्यायचा तिखट रस्सा, आदल्या दिवशी झणझणीत करून, गार झाली की प्लास्टिकच्या बाटलीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, बाटली गळ्यापर्यंत भरू नका, गोठल्यावर फुगते. निघताना ती बर्फाच्या डब्यात टाकली की दही-दूध पण तिच्यावरच गार राहते आणि सकाळपर्यंत तर्री आपोआप सुटते, मग गरम करा चांगली उकळी येईपर्यंत. पोहे तिथंच भिजवायचे, आधी नाही. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, संत्री याच दिवसांत बाजारात असतात, कॉटन मार्केटमधून दोन किलो घ्या, प्रवासात याच्याइतकं सोयीचं फळ नाही, पण सालं परत घरी आणायची. पाण्याचा वीस लिटरचा एक जार दोघांना एका रात्रीसाठी पुरतो. झोपायच्या आधी खायचं सगळं गाडीच्या डिकीत, तंबूत बिस्किटाचा पुडा पण नको, वास लागला की जनावर येते आणि सकाळी माकडं तर येतातच.

अंधार पडला की टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरानं बांधा, लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईल एकदा उघडला की सगळं परत पहिल्यापासून, म्हणून दोघांचेही फोन बॅगेत. आठच्या सुमारास डोक्यावर मृग नक्षत्र, तीन तारे ओळीत, त्याच ओळीनं खाली आलं की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्याच्याही खाली दक्षिणेला अगस्ती, नागपूरच्या धुरात आणि बिल्डिंगच्या मागे तो सहसा दिसतच नाही. दुसऱ्या बाजूला रोहिणी, पुढे कृत्तिकेचा पुंजका, त्यात किती तारे मोजता येतात याची दोघांनी पैज लावा. पूर्वेकडून मघा वर येते, ईशान्येला सप्तर्षी. मग झोपा आणि पहाटे चारचा अलार्म लावा, आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर आलेला असतो, मधोमध लाल ज्येष्ठा, आणि त्याच्या शेपटीकडून आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा निघतो. त्यासाठी उठायचा कंटाळा करू नका, मी हात जोडून सांगते.

रात्री बाथरूमला एकट्यानं जायचं नाही, दोघंही उठा, बूट झटकून घाला, पाय टाकायच्या आधी उजेड टाका. मण्यार रात्रीच फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा कळत पण नाही, म्हणून तंबूची चेन कायम बंद, एक मिनिटासाठी गेलात तरी. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी काही नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, सापाचं औषध तिथं असते. नेटवर्क भरवशाचं नाही, त्यामुळे कॅम्पच्या माणसाचा नंबर आणि तो रात्री कुठं झोपतो हे आधीच विचारून ठेवा, आणि घरी कोणाला तरी सांगून निघा, आई ओरडली तरी चालेल. तोतलाडोह धरणाच्या पाण्यात पाय पण घालायचा नाही, मगरी आहेत.

सफारी करायची तर दुसऱ्या दिवशी सकाळची करा, बुकिंग ऑनलाइन आधीच, पण मग चारला उठून तारे बघून तसंच तयार व्हायचं आणि पोहे परत आल्यावर. एकाच रात्रीत दोन्ही झेपत नसेल तर मी सफारी सोडीन.

निघताना तंबू दवानं ओला असतो, तसाच गुंडाळून गाडीत टाका, तिथं वाळायची वाट बघत ऊन चढवून घेऊ नका. घरी आल्यावर त्याच दिवशी गच्चीवर दोरीला टाकून आतून-बाहेरून वाळवा, खुंट्यांची माती धुवा, आणि मगच पिशवीत भरा, ओलसर राहिला तर कापडाला बुरशी लागते आणि तो वास मग जात नाही.