पुरस्कारप्राप्त शिक्षकाची मुदतवाढ नाकारली, तर कोर्टात जाताना

पुरस्कार मिळाला म्हणून निवृत्तीच्या वयापुढे नोकरीची मुदतवाढ आपोआप मिळत नाही. राष्ट्रीय असो वा राज्य शिक्षक पुरस्कार, खासगी शाळेतल्या शिक्षकाचं निवृत्तीचं वय १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम १७ ठरवतो: ५८ वर्षं. पुढची मुदत देणारा शासन निर्णय (जीआर) तुमच्या निवृत्तीच्या दिवशी अमलात असावा लागतो. रद्द झालेल्या जीआरवर याचिका टिकणं फार कठीण. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी जीआर काढा आणि नंतरच्या एखाद्या जीआरने तो बदलला का, तेही बघा.

मग सर्व्हिस बुकातली जन्मतारीख. १५ जून १९६८ असेल तर निवृत्ती ३० जून २०२६ला. १ जून असेल तर मात्र ३१ मेला. आपल्याकडे शाळेत नाव घालताना सर्रास १ जून लावलेली असते, आणि मे महिन्यात हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी. अशांनी याचिका एप्रिलमध्येच दाखल करावी. निवृत्त झाल्यावर स्थगिती मिळवणं अवघड जातं.

अर्ज किमान सहा महिने आधी, संस्थेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख हवीच. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून फाईलवरचे शेरे आणि इतरांना दिलेले मुदतवाढीचे आदेश मागा. त्याला ३० दिवस धरा. दुसऱ्याला चुकीनं मिळालेला लाभ समानतेच्या नावाखाली मागता येत नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

शाळा न्यायाधिकरणात वेळ घालवू नका. तिथलं, खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ९चं अपील बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती, बढतीतली डावलणूक यांसाठी; वयोमानानुसार निवृत्ती त्यात बसत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मॅटही (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) नाही. खासगी शाळा असो वा जिल्हा परिषद, दोन्हीकडच्या शिक्षकांचा रस्ता राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६खाली हायकोर्टात रिट याचिका. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरातच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळे त्या भागातल्यांच्या मुंबईच्या खेपा वाचल्या.

प्रतिवादींत राज्य शासन, शिक्षण उपसंचालक, शिक्षणाधिकारी आणि संस्था घ्या. मुख्याध्यापकपदाचा वाद असेल तर ज्येष्ठता यादीतला पुढचा शिक्षकही घ्या, कारण त्याची बढती अडते. त्याला वगळलं की हरकत ठरलेली.

अंतरिम आदेश नसताना मस्टरवर सही करत राहू नका. शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून पगार निघत नाही आणि पेन्शनही अडकते. पेन्शनचा प्रस्ताव वेळेत द्या, फक्त त्यावर ‘याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून’ असं लिहा आणि त्याचीही पोच घ्या.