घोड्यांच्या फार्मवर काम शिकायचंय? आधी लीद बघायला शिका

फार्मवर राहून काम शिकायचंय असं म्हणणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रपेट कधीपासून मिळेल? मिळते. दिवसाकाठी तासभर, तीही बाकीची कामं उरकल्यावर. उरलेला दिवस पाणी, चारा, लीद, खूर आणि खरारा (अंग घासून साफ करणं) यांत जातो. हे वाचून ज्यांचा उत्साह मावळला असेल त्यांनी रायडिंग क्लबात नाव घालावं, त्यात कमीपणा काही नाही.

मी कृषी पदविका झाल्यावर फलटणच्या बाजूला, नीरेच्या पट्ट्यातल्या एका घरच्या फार्मवर राहिले. बहुतेक मारवाडी घोड्या, एक काठियावाडी वळू घोडा, शिंगरं (घोड्यांची पिल्लं) आणि एक बुटकी, काटक भीमथडी घोडी. ही भीमथडी म्हणजे धनगरांच्या फिरत्या तांड्यांबरोबर सामान वाहत फिरणारी आपल्याकडची जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून आता नोंदही झाली आहे. माणसं म्हणाल तर आप्पा, काकू, दादा-वहिनी आणि राजस्थानातून आलेला एक सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. मोठ्या स्टड फार्मवर (घोड्यांची पैदास करणाऱ्या) चंदी, म्हणजे दाणा, देणारा वेगळा, फिरवणारा वेगळा, औषधाचं बघणारा वेगळा. घरच्या फार्मवर जो हाताशी असेल तो सगळं करतो. शिकायचं असेल तर मला हेच बरं वाटतं.

दिवस साडेचारला सुरू होतो. उठल्या उठल्या चारा टाकायचा नाही. बॅटरी घेऊन आधी पागेत एक फेरी मारायची. रात्रीत लीद किती वेळा टाकली, ओली की कोरडी, गोळे मोडलेत की घट्ट आहेत, बादलीतलं पाणी किती उतरलं, चारा उरलाय का, कोण कसा उभा आहे. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो आराम करतोय. पुढचा एक पाय पुढे काढून उभा असेल तर बहुतेक वेळा त्या पायात दुखतंय. फेरी झाली की चहाआधी आप्पांना प्रत्येक जनावराचं तोंडी सांगायचं. “सगळे बरे आहेत” हे उत्तर त्यांना चालायचं नाही. “बरे म्हणजे काय गं? काळीनं पाणी किती प्यायलं ते सांग.” पहिले काही आठवडे ही हजेरी मला जाचक वाटे. पुढे लक्षात आलं की कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे एवढंच त्यांना हवं असतं, आणि ते सांगायचं तर काल नीट बघितलेलं असावं लागतं.

एवढी लीद कशाला बघायची, तर घोड्याचं पोट हीच त्याची मोठी अडचण. एवढ्या थोरल्या अंगाला जठर मात्र लहान, आणि घोड्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. म्हणून दिवसभर थोडं थोडं चघळत राहणं हा त्याचा स्वभाव. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज साधारण ५ ते ७ किलो कोरडा चारा लागतो आणि २५ ते ४० लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आमच्याकडे क्रम पक्का होता: आधी पाणी, मग चारा, मग चंदी. चंदीत जव, भरडलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा आणि मीठ. तीही दिवसातून तीनदा विभागून, एका वेळी दोन किलोच्या आतच.

ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांसाठी इथे जरा थांबून सांगते. तोडणीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक आणि जवळजवळ फुकट मिळतात. गाईम्हशी खातात, मग घोड्यानं का खाऊ नयेत, असं कुणीही म्हणेल. पण वाढ्यात आणि काही संकरित गवतांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. त्यात गव्हाचा कोंडा जास्त घातला तर फॉस्फरस वाढतो. महिनोन्‌महिने असंच चाललं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरू लागतं, चेहऱ्याची हाडं सुजतात, घोडा लंगडतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, म्हणून आप्पा त्याचा एक वाफा कधीच मोडू द्यायचे नाहीत. दुसरी गोष्ट कोंबडीखाद्याची. या भागात पोल्ट्री शेडं पुष्कळ, उरलेलं खाद्य कुणीतरी प्रेमानं आणून देतं. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्यानं निकामी होतं. अशा पोत्याला पागेच्या आसपासही जागा देऊ नका.

पोटशूळ कसा दिसतो ते मी एका फाल्गुनात पाहिलं. जुना कडबा संपून नवा एकदम सुरू झाला होता. संध्याकाळच्या फेरीत एका घोडीची लीद नेहमीच्या निम्मी दिसली, मी तसं सांगितलं. आप्पांनी तिची चंदी बंद केली आणि खाट पागेजवळ आणून टाकली. रात्री अकराच्या सुमाराला ती पुढच्या पायानं जमीन उकरू लागली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघू लागली, मग बसली, उठली, पुन्हा बसली. आप्पांनी जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून नाडी मोजली. निरोगी घोड्याची नाडी विसाव्याच्या वेळी मिनिटाला २८ ते ४४ असते. हिची साठाच्या घरात होती. दादानं फोन लावला, तर डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या: शेवटची लीद कधी, खाण्यात काय बदललं, नाडी किती. तिन्हींची उत्तरं तयार होती. ते येईपर्यंत आम्ही तिला आळीपाळीनं हळूहळू फिरवलं, तोंडाला काही लावू दिलं नाही. मग इंजेक्शन, नाकातून नळी घालून तेल आणि पाणी. पहाटे तिनं लीद टाकली आणि वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की काकू घरातून धावत आल्या.

त्या रात्रीनंतर नवीन चारा आठवडाभर जुन्यात थोडा थोडा मिसळूनच सुरू करायचा, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. घोड्याचा अनुभव असलेला डॉक्टर कुठे आहे आणि त्याला यायला किती वेळ लागतो, हे मात्र आधीच माहीत करून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाईम्हशींतच जातो.

खुरांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टळत नाही. रोज चारही खूर उचलून आकडीनं साफ करायचे. पावसाळ्यात तळव्याचा मधला मऊ त्रिकोणी भाग कुजायला लागतो. दिसायच्या आधी त्याचा वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. चांगले नालबंद आता फार थोडे उरलेत, आणि ज्याच्या हाताला कसब आहे त्यानं हा धंदा शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे. फार्म बंद पडतात, पण चांगल्या नालबंदाला काम कमी पडलेलं मी पाहिलं नाही. पावसाळ्यात बुरशी धरलेला चारा आणि गोमाश्या या दोन डोकेदुख्या वाढतात. गोमाश्यांमुळे सरा हा रक्ताचा आजार पसरतो: ताप येतो-जातो, घोडा खाऊनही वाळत राहतो.

शिंगराचं सगळ्यांनाच आकर्षण. घोडी साधारण अकरा महिन्यांनी विते आणि बहुतेकदा रात्रीच. घड्याळ बघून लक्षात ठेवा: शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यायला लागावं, तीन तासांत घोडीचा जार (वार) पडावा. यातलं काही चुकलं तर डॉक्टर. बाकी वेळ लांबून बघा, फोटो सकाळी काढता येतात.

मार्गशीर्षात सारंगखेड्याची तयारी सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार. नवख्यानं एकदा तरी मालकाबरोबर जावं. दोन दात, चार दात, पूर्ण दात यांवरून वय कसं सांगतात ते तिथे कळतं. पाच वर्षांपर्यंत हा हिशेब बराच बिनचूक, पुढे दात झिजतात तसा अंदाज सैल होत जातो. पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं), नुकरा (पांढरा), अबलख (ठिपक्या-पट्ट्यांचा दुरंगी) यांचे भाव वेगळे. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे शुभ-अशुभ अर्थ तर विचारूच नका. चांगल्या पायांची घोडी एका भोवऱ्यामुळे पडत्या भावात मागितली जाताना मी पाहिली आहे. आप्पांचा भोवऱ्यांवर विश्वास नाही, पण विकताना गिऱ्हाइकाचा आहे हे ते विसरत नाहीत. बाजाराला निघण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, आणि तपासणीत रोग पक्का ठरलेला घोडा कायद्यानं मारावा लागतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे या तपासणीचं देशातलं मुख्य ठिकाण.

मुलींकडून येणारा प्रश्न राहण्याचा. मी घरातच राहत होते, काकूंच्या खोलीशेजारी. घरच्या फार्मवर तुम्ही कामाला असता आणि पाहुण्याही असता, त्यामुळे सुट्टी मागायला जीभ रेटत नाही आणि लग्नसराईत वरातीच्या घोड्यांमागे रात्री उशिरापर्यंत राबावं लागतं. सुट्टीचा वार, जेवण, अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च, हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आप्पांच्या घरात हे मोकळेपणानं झालं. दुसऱ्या एका ठिकाणी “बघू की, घरचंच आहे” असं ऐकलं आणि मी तिथे गेले नाही.

पैसा सुरुवातीला थोडाच. राहणं-खाणं आणि वर हातखर्च, एवढंच धरून चला. पुढचे रस्ते मात्र बरेच आहेत: रायडिंग प्रशिक्षक, नालबंद, पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म, रेसकोर्सवरचे तबेले (पुण्यात पावसाळी हंगाम, महालक्ष्मीला हिवाळी). बारावी विज्ञान झालं असेल आणि मार्क असतील तर पशुवैद्यकीय पदवीचा विचार करा, मुंबईत परळला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला महाविद्यालयं आहेत. स्वतःचा फार्म काढायचा तर राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४पासून घोड्यांचाही समावेश झाला आहे: भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान. पण अनुदानात पागा बांधता येते, रोजचा चारा त्यातून निघत नाही. दादाच्या वहीत वर्षाचा खर्च लिहिलेला असे. अर्ज भरण्याआधी कुठल्या तरी फार्मवरची अशी वही बघायला मागा.

फार्म निवडताना आधी पाण्याची टाकी बघा, मग खूर, मग लीदीचा उकिरडा पागेपासून किती लांब आहे ते. भिंतीवरचे फोटो आणि ट्रॉफ्या शेवटी. जाताना धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा, चपला घरी ठेवा, बोटं झाकणारे जाड बूट घाला. हेल्मेट स्वतःचं न्या, फार्मवरचं डोक्याला बसेलच असं नाही. आणि दिवाळीनंतर जा, उन्हाळ्यात नाही: थंडीत जनावरं आणि माणसं दोघांचीही शिकवायची तयारी जास्त असते.