फाल्गुनात पाणपक्षी बघायचे तर काठाचा चिखल बघा

फेब्रुवारीच्या अखेरीपासून उजनी धरणाच्या फुगवट्याचं किंवा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वर जलाशयाचं पाणी मागे सरकतं आणि काठाचा चिखल उघडा पडतो. उत्तरेकडे परतायच्या तयारीत असलेले पक्षी इथेच पोट भरत असतात. त्यामुळे खोल पाण्यापेक्षा आधी हा पट्टा बघा.

सकाळी तळ्याच्या पूर्व काठाने चाला. ऊन पाठीशी राहतं आणि पिसांचे रंग खरे दिसतात. हे महत्त्वाचं, कारण याच दिवसांत पक्ष्यांचे रंग बदलतात. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी आता हळदीसारखा पिवळाधमक होतो, पांढऱ्या धोब्याच्या गळ्याशी काळं भरत येतं, तर काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची मान तांबूस होऊ लागते. फोटोंच्या पुस्तकात हिवाळी आणि विणीचं अशी दोन्ही रूपं असतील तरच ते सोबत घ्या. नाहीतर एकाच पक्ष्याची नोंद दोन नावांनी होते! बदकांमध्ये भुवई बदकाचा नर सोपा: डोळ्यावरची पांढरी रेघ लांबूनही दिसते. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मात्र लवकर निघतात, त्यांच्यासाठी मार्चअखेरची वाट बघू नका.

ओल्या चिखलात मुंगसाचे, कोल्ह्याचे ठसेही सापडतात. ऊन तापण्याआधी ते जास्त स्पष्ट दिसतात.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर आल्या वाटेनेच मागे फिरा. तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून गेलेली असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.