घरच्यांचं पेमेंट अॅप महिन्याभरानंही चालू राहावं म्हणून काय करायचं

मोबाईलमध्ये अॅप घालून द्यायला दहा मिनिटं लागतात, पण महिन्याभरानं ते माणूस वापरतंय का हे कोण बघत नाही. माझी आत्ती कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेऊन बसते, तिला मी क्यूआर काढून दिला, आठवडाभर मस्त चाललं आणि एक दिवस बघतो तर स्टिकर मेथीच्या पाटीखाली. विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक मोबाईल दाखवून जातंय रं, पैसं आलं का न्हाई मला काय कळतंय? आन् पहाटं माल घ्यायला रोख लागतीया, ती कुठनं आणू?"

सगळं त्यातच आलं बघा.

आधी साउंडबॉक्स (पैसे आले की मोठ्यानं बोलून सांगणारा डबा) घ्या आणि भाषा मराठी करून ठेवा. पैसे आल्याचं कानानं ऐकलं की विश्वास बसतो, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नाही बसत, आणि बसूही नये. फक्त भाडं किती कटणार ते पहिलंच विचारून घ्या, नाहीतर न सांगता पैसे कटले म्हणून माणूस अॅपच बंद करतंय.

दुसरं जास्त महत्त्वाचं, आलेला पैसा तिथनंच बाहेर जायला पाहिजे. मी एकदा पहाटे आत्तीबरोबर शाहू मार्केट यार्डात गेलो, ती ज्याच्याकडनं माल घेते त्याच्याकडं क्यूआर होताच की, हिनं कधी विचारलंच नव्हतं! साडेसहाशे रुपये तिनं स्वतः पिन टाकून दिले, मी मोबाईलला हात लावला नाही (तुम्हीपण लावू नका, आपण पटापट करून दिलं की त्यांना कधीच येत नाही). मग रिचार्ज, लाईट बिल, सगळं त्यातनंच. कॅशबॅकमुळं लोक येतात खरं, पण टिकतात ते ह्यामुळं, हे माझं ठाम मत आहे.

घरी आई-बाबांना यूपीआय लाईट (अॅपमधलंच बारक्या खर्चाचं वेगळं पाकीट) चालू करून द्या. १००० रुपयांपर्यंतच्या पेमेंटला पिन लागत नाही, त्यात एका वेळी ५००० पर्यंतच ठेवता येतात म्हणून भीतीपण कमी, आणि दूध-भाजीच्या बारक्या एंट्र्यांनी पासबुक भरत नाही, बाबांना तर हेच सगळ्यात आवडलं.

आता लोक खरं सोडतात कधी, तर पहिल्यांदा पैसे अडकतात तेव्हा. खात्यातनं गेले, समोरच्याला मिळाले नाहीत, पोटात गोळा. म्हणून हे घडायच्या आधीच सांगून ठेवा: रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, एकमेकांना पाठवलेले अडकले तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेले अडकले तर पाच दिवसांत परत आले पाहिजेत, त्याच्यापुढं उशीर झाला तर बँकेनं दिवसाला १०० रुपये द्यायचे. अॅपमध्ये तेच पेमेंट उघडून तक्रार कशी टाकायची ते एकदा दाखवा, आणि लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका म्हणून बजावा.

फसवणुकीचं एकच वाक्य पाठ करून घ्या, पैसे यायला पिन लागत नाही. कोण फोनवर पिन टाका म्हणालं की फोन ठेवायचा, पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन. आत्तीच्या मोबाईलच्या मागं तो नंबर मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटपट्टी लावून दिलाय.