लीगलची खुर्ची, खरेदी विभागाच्या शेजारी

नागपुरात एलएलबी झाली की पुढच्या वाटा ठरलेल्या: जिल्हा न्यायालयात नाहीतर खंडपीठात सीनियरकडे ज्युनियरशिप, किंवा जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी. बुटीबोरी, हिंगणा, मिहानमधल्या कंपन्यांत लीगलची जागा निघाली की मुलं जरा बिचकतच येतात. मी बुटीबोरीतल्या एका कारखान्यात हेच काम करते. नव्याने येणाऱ्यांना काही गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात, असं मनापासून वाटतं.

आधी सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, सनद स्थगित करावी लागते. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की पगारी कायदा सल्लागाराला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 चं, म्हणजे वकील-अशिलातल्या गोपनीयतेचं, संरक्षण नाही. त्यामुळे नाजूक प्रकरणात ईमेलवर लांबलचक मत लिहू नका. बाहेरच्या प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाचं मत घ्या.

आता मुख्य काम. पूर्वी लीगलकडे फाइल यायची ती भांडण लागल्यावर. आता करार ठरायच्या आधी बोलावणं येतं, आणि तिथे नुसतं ‘हे चालणार नाही’ म्हणून भागत नाही.

एकदा खरेदी विभागाचे साहेब पर्चेस ऑर्डर घेऊन आले. हिंगण्याच्या एका छोट्या वर्कशॉपकडून सुटे भाग, उधारी 90 दिवस. “मॅडम, फक्त सही पायजे, माल मंगळवारी लागते.” मी पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, मागवलं. लघु उद्योग, आणि काम उत्पादनाचं. नुसता व्यापारी असता तर गोष्ट वेगळी. उत्पादक असल्याने 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांपुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे (1961 च्या कायद्यातलं कलम 43बी(एच)) उशिरा दिलेल्या रकमेची वजावट पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही.

हे कलम त्यांच्यापुढे वाचून दाखवलं असतं तर साहेब वैतागून गेले असते. अकाउंट्सच्या दादांना बोलावलं, 90 दिवसांनी किती व्याज चढेल ते कागदावर मांडलं. मग उधारी 45 दिवसांवर आणली आणि बदल्यात पुरवठादाराकडून दर थोडा उतरवून घेतला. माल मंगळवारीच आला. माझ्या मते कंपनीतल्या वकिलाचं काम ते हेच: धोका रुपयांत सांगायचा आणि सोबत वाटही दाखवायची.

यासाठी प्लांटवर जावं लागतं. गेटवर चलान कसं फाटतं, वजनकाट्यावर काय नोंद होते, क्वालिटीवाले माल कधी नाकारतात, हे पाहिल्याशिवाय नाकारलेल्या मालाची अट नीट लिहिताच येत नाही. उलट, धंदेवाल्यांशी इतकं मिसळूनही जिथे कायदा खरोखर आडवा येतो तिथे एमडींसमोर ठामपणे उभं राहावं लागतं. ही तारेवरची कसरत आहे आणि ती टळत नाही.

मुलाखतीला जाण्याआधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर शुल्क भरून कंपनीचा ताळेबंद काढा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी त्यात वेगळ्या ओळीत दाखवावी लागतात. तो आकडा पाहून जा आणि त्याबद्दल विचारा.